कागदावर साठ, बैठकीला आठ: ऑनर सोसायटीचं सर्कल चालवायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मूळच्या नाशिकच्या, अमेरिकेतल्या एका विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या विद्यार्थिनीची ओमिक्रॉन डेल्टा कप्पा या ऑनर सोसायटीच्या, म्हणजे निवडक विद्यार्थ्यांच्या मानाच्या संस्थेच्या, तिथल्या सर्कलची (शाखेची) अध्यक्ष म्हणून निवड झाली आहे. कागदावर साठ सदस्य आहेत, बैठकीला सात-आठ जण येतात. वर्षातून एकदा इंडक्शनचा, म्हणजे नव्या सदस्यांना सामावून घेण्याचा, समारंभ होतो, त्यापलीकडे काही घडत नाही. ऑगस्टमध्ये सूत्रं हातात येतील, तर सुरुवात कुठून करायची, असं त्यांनी विचारलं आहे.

सुरुवात निवडीपासून करा. नवे कार्यक्रम, टी-शर्ट, इन्स्टाग्राम हे सगळं नंतर. लोक बैठकीला येत नाहीत याचं मूळ बहुतेक वेळा आदल्या वर्षीच्या निवडीत असतं. ज्याला आपण का निवडले गेलो हेच कळलेलं नाही, तो प्रमाणपत्र घेऊन घरी जातो आणि परत फिरकत नाही.

ही संस्था कशासाठी निघाली ते आधी ध्यानात घ्या, कारण निवडीचे नियम त्यातूनच आलेत. व्हर्जिनियातल्या लेक्सिंग्टन गावी, वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठात, 3 डिसेंबर 1914 रोजी पंधरा विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी ती सुरू केली. खेळाडू, वर्तमानपत्र चालवणारे, अभ्यासात पुढे असलेले आणि विद्यार्थी मंडळातले असे सगळे आपापल्या कोपऱ्यात काम करत होते. त्यांना शिक्षकांसह एका वर्तुळात बसवायचं, ही मूळ कल्पना. म्हणून शाखेला ‘सर्कल’ म्हणतात आणि म्हणूनच पाच क्षेत्रं ठरली: विद्याभ्यास, खेळ, समाजसेवा व विद्यार्थी प्रशासन, पत्रकारिता, वक्तृत्व व माध्यमं, आणि सर्जनशील व प्रयोगकला. स्त्रियांना प्रवेश 1974 मध्ये मिळाला. याच घराण्यातली दुसरी मोठी संस्था म्हणजे मॉर्टर बोर्ड. ती 1918 मध्ये शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनींसाठी स्थापन झाली आणि 1975 पासून पुरुषांनाही घेऊ लागली. पुढे जे लिहितो आहे ते बहुतांशी तिलाही लागू पडेल.

महाराष्ट्रात वाढलेल्याला इथे एक गोंधळ हमखास होतो. 1994 च्या विद्यापीठ कायद्यानंतर आपल्याकडे वर्गप्रतिनिधी गुणांवर नेमले जात. ज्याला जास्त मार्क, तो सीआर. इथे गुणांत वरच्या 35 टक्क्यांत असणं ही फक्त दारातून आत यायची परवानगी आहे. तिथून पुढे खरी निवड सुरू होते. साठ सदस्य आणि रिकाम्या बैठका, अशी स्थिती असलेल्या सर्कलमध्ये बहुधा हेच झालेलं असतं: 35 टक्क्यांच्या यादीतल्या ज्याने फॉर्म भरला, त्याला घेतलं.

35 टक्क्यांचा हिशोब नीट समजून घ्या. ही रेघ संपूर्ण विद्यापीठाला एकच लावली, तर ज्या विभागात गुण सढळ हाताने मिळतात तिथली मुलं भरभरून येतात आणि इंजिनिअरिंगची बाहेर राहतात. समजा एका विभागात वरचे 35 टक्के 3.8 जीपीएला (गुणांच्या सरासरीला) सुरू होतात आणि दुसऱ्यात 3.5 ला. अशा वेळी प्रत्येक कॉलेजची (म्हणजे विद्यापीठातल्या विद्याशाखेची) रेघ वेगळी काढून मागा. रजिस्ट्रारला पत्र लिहिताना ‘कॉलेजनिहाय आणि वर्षनिहाय’ हे शब्द स्पष्ट लिहा, नाहीतर तयार असलेली एकच यादी येते. तुमच्या सर्कलच्या घटनेत याबाबत काय लिहिलंय तेही तपासा. स्थानिक नियम राष्ट्रीय नियमांपेक्षा कडक असू शकतात, सैल नाही.

आणि ही यादी तुमच्या हातात यायला नको. अमेरिकेत 1974 पासून ‘फर्पा’ हा कायदा आहे. विद्यार्थ्याचे गुण त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या विद्यार्थ्याला दाखवता येत नाहीत, मग तो अध्यक्ष असला तरी. यादी सल्लागार प्राध्यापकांकडे किंवा डीनच्या कार्यालयात राहते आणि निमंत्रणाचा ईमेल तिथूनच जातो. अर्ज आल्यावर समितीला ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ एवढंच कळायला हवं. शिस्तभंगाच्या कारवाईचंही तसंच: डीनच्या कार्यालयाने हो किंवा नाही म्हणायचं, तपशील विचारायचा नाही. जीपीएच्या रकान्यासकट एक्सेल शीट समितीच्या सामायिक ड्राइव्हवर पडून राहणं ही वारंवार होणारी चूक आहे, आणि ती उघडकीला आली की सर्कलची मान्यताच धोक्यात येते.

आता अर्ज. पदांची यादी मागणारा फॉर्म असेल तर तो बदला. त्याने फक्त बिरुदं गोळा होतात. दोन ओळी शेजारी ठेवून बघा. एकीत लिहिलंय: ‘रोबोटिक्स क्लब, उपाध्यक्ष, दोन वर्षं.’ दुसरीत लिहिलंय: ‘ग्रंथालयात रात्रपाळी करतो. परीक्षेच्या आठवड्यात अकरा जणांच्या पाळ्या कोलमडायच्या, म्हणून अदलाबदलीचा तक्ता बनवला. आता तो दर सत्राला वापरतात.’ दुसऱ्याकडे पद नाही, पण नेतृत्व त्याच ओळीत आहे. बाहेरून बदलून आलेले, नोकरी करून शिकणारे, घरी लहान भावंडं सांभाळणारे विद्यार्थी पदांच्या यादीत कायम मागे पडतात. म्हणून विचारा: तुम्ही हात घातल्यामुळे काय बदललं? तुम्ही तिथून गेल्यावर ते टिकलं का? आणि हे सांगू शकेल अशी एक व्यक्ती कोण? प्रत्येक उत्तराला 150 शब्दांची मर्यादा घाला. तेवढ्यात जे सांगता येत नाही ते दोन पानांतही सांगितलं जात नाही, आणि वाचणाऱ्याचा वेळ वाचतो.

गुणांकन पन्नासपैकी ठेवा: मुख्य क्षेत्रातल्या कामाला 20, दुसऱ्या क्षेत्रातल्या सहभागाला 10, शिफारशीला 10, उत्तरांतल्या स्पष्टतेला 10. मुख्य कामाचे 20 गुण कसे द्यायचे ते शब्दांत लिहून ठेवा. नुसतं पद असेल तर 5 पर्यंत, पद आणि नियमित काम असेल तर 10 पर्यंत, काम करून काहीतरी बदललं असेल तर 15 पर्यंत, आणि ते दुसऱ्यांनी पुढे चालवलं असेल तर 20 पर्यंत. प्रत्येक अर्ज दोघांनी वाचायचा, एक विद्यार्थी आणि एक प्राध्यापक किंवा कर्मचारी. दोघांत आठपेक्षा जास्त गुणांचा फरक पडला, तर तिसऱ्याने वाचायचा. सरासरी काढून विषय मिटवू नका. मोठा फरक म्हणजे दोघांपैकी एकाच्या नजरेतून काहीतरी सुटलंय.

वाचायला बसण्याआधी सगळ्यांनी गेल्या वर्षीचे तेच तीन अर्ज, नावं काढून, वाचून गुण द्यावेत आणि आकडे ताडून पाहावेत. चाळीस मिनिटांचं काम आहे, पण कोण हात आखडून देतो आणि कोण सगळ्यांना 45 च्या वर देतो हे तिथेच कळतं. एका बैठकीत पंधरापेक्षा जास्त अर्ज वाचू नका. दुसऱ्या वाचणाऱ्याला गठ्ठा उलट्या क्रमाने द्या, म्हणजे दमलेल्या डोळ्यांचा तोटा नेहमी त्याच मुलांना होणार नाही.

निवड समितीच्या बैठकीत ‘मी ओळखतो त्याला, फार चांगला मुलगा आहे’ हे वाक्य अध्यक्षाने तिथल्या तिथे थांबवायचं. अर्जात आहे त्यावरच बोलायचं. रूममेट, टीममेट, ज्याच्याशी नातं आहे किंवा भांडण आहे, अशाचा अर्ज निघाला की त्या सदस्याने खोलीबाहेर जायचं, आणि तशी नोंद इतिवृत्तात करायची. लहान कॅम्पसवर हे अवघडल्यासारखं होतं, तरीही करायचं. अध्यक्ष स्वतः आधी बाहेर गेल्या, तर पुढच्यांना सोपं जातं. मतदान गुप्त असावं आणि मोजणी सल्लागारांनी करावी.

मतदानाआधी दोन गोष्टी फळ्यावर लिहा. पहिली, निवडीच्या उंबरठ्यावरच्या नावांत पाचही क्षेत्रं आहेत का. कोटा ठेवायचा नाही, पण तीसपैकी बावीस जण विद्यार्थी मंडळातले निघाले, तर निमंत्रणं खेळाडूंपर्यंत आणि नाटकवाल्यांपर्यंत पोचलीच नव्हती असं समजा. त्यावर त्या रात्री उपाय नसतो. पुढच्या वर्षी अर्ज उघडण्याआधी प्रत्येक क्षेत्रातल्या दोन प्रशिक्षकांना किंवा प्राध्यापकांना भेटून नावं मागवा. दुसरी, तिसऱ्या वर्षाची मुलं किती आहेत. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं आणि यानेच सर्कल मरतं. एप्रिलमध्ये शेवटच्या वर्षाचे पंचवीस जण आत आले, मे महिन्यात पदवी घेऊन गेले, तर ऑगस्टमध्ये उरतं कोण? पंचवीस निवडणार असाल तर त्यांत तिसऱ्या वर्षाचे किमान दहा असावेत. त्यासाठी गुणवत्ता खाली आणावी लागत नाही. पात्र यादीत ती मुलं असतातच, फक्त ‘अजून वेळ आहे’ म्हणून ती अर्ज करत नाहीत. त्यांना वेगळा ईमेल पाठवा.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही विसरू नका. महाराष्ट्रातून येणारे बरेच जण थेट मास्टर्सला येतात आणि ऑनर सोसायटी म्हणजे पदवीच्या मुलांची गोष्ट असं समजून तो ईमेल उघडतही नाहीत. ओमिक्रॉन डेल्टा कप्पामध्ये त्यांना जागा आहे. त्यांच्या विभागाच्या समन्वयकाकडून निमंत्रण गेलं तर उघडलं जातं.

किती जण घ्यायचे? समजा तिसऱ्या वर्षात बाराशे विद्यार्थी आहेत. 35 टक्के म्हणजे 420 पात्र. त्यातले नव्वद अर्ज करतील. तीस घेतले तर सर्कल काम करू शकतं, साठ घेतले तर प्रत्येकाला वाटतं की बाकीचे 59 जण बघून घेतील. माझं मत ठाम आहे: जेवढ्यांना वर्षभर नावानिशी काम देता येईल तेवढेच घ्या. सदस्यत्वाच्या फीचे पैसे जास्त येतात म्हणून आकडा वाढवणं हा संस्थेचा अपमान आहे.

वेळापत्रक मागून पुढे आखा. इंडक्शन एप्रिलच्या मध्यावर असेल, तर बारा आठवडे आधी रजिस्ट्रारकडे मागणी, अकरा आठवडे आधी अर्ज उघडायचे, नऊ आठवड्यांवर बंद, पुढचे दोन आठवडे वाचन, सातव्या आठवड्यावर समितीची बैठक, सहाव्यावर पत्रं, चौथ्यावर स्वीकृती आणि फीची शेवटची तारीख. त्याच दिवशी नावं राष्ट्रीय कार्यालयाकडे नोंदवायची, कारण प्रमाणपत्रं तिथून येतात. स्प्रिंग ब्रेक या सगळ्याच्या मधोमध येतो. तो आठवडा शून्य धरा. हिवाळी इंडक्शन करायचं असेल, तर 3 डिसेंबरचा स्थापनादिन गाठायचा मोह होतो. पण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग आणि त्यानंतर लगेच परीक्षा, त्यामुळे खुर्च्या रिकाम्या राहतात. नोव्हेंबरचा मध्य बरा.

निवडीचं पत्र कसं लिहिता यावर निम्मी स्वीकृती ठरते. ‘अभिनंदन, तुमची निवड झाली आहे, इतके डॉलर भरा’ असा ईमेल आला की शहाणा माणूस त्याला फसवणूक समजतो. नाशिकला किंवा लातूरला बसलेले आईवडील तर नक्कीच समजतात, आणि त्यांचं चुकत नाही. पैसे घेऊन नाव छापणाऱ्या सोसायट्या खरोखर आहेत. म्हणून पत्र विद्यापीठाच्याच पत्त्यावरून जावं. त्यावर डीन आणि सल्लागार प्राध्यापकांची सही असावी. फी एकदाच आणि आयुष्यभरासाठी आहे, किती आहे, त्यातली राष्ट्रीय कार्यालयाला किती जाते आणि सर्कलकडे किती राहते, हे लिहावं. संस्था असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीजची सदस्य आहे का, हेही लिहावं. ही शिखर संस्था 1925 पासून दर्जाचे निकष ठरवते, आणि खऱ्या-खोट्या सोसायट्या ओळखायला पालकांना ही एक खूण उपयोगी पडते. शिवाय ‘या अर्जावर तुमच्या अमुक कामामुळे समितीचं एकमत झालं’ असं एक वाक्य प्रत्येकासाठी वेगळं लिहा. तीस पत्रांना तीन तास लागतात. बैठकीला माणसं आणणारं याहून स्वस्त साधन नाही.

त्याच पत्रात एक ओळ हवी: ‘फी भरणं अवघड असेल तर सल्लागारांना एका ओळीचा ईमेल करा, कारण सांगावं लागणार नाही.’ डॉलरचा भाव रुपयांत मोजणारा विद्यार्थी फीमुळे गप्प बसतो आणि तुम्हाला वाटतं त्याला रस नव्हता. सर्कलच्या खात्यात तीन-चार जणांच्या फीएवढी रक्कम त्यासाठी बाजूला ठेवा. फी कधीही कुणाच्या वैयक्तिक व्हेन्मोवर (पैसे पाठवायच्या अ‍ॅपवर) घेऊ नका, खजिनदार कितीही विश्वासू असला तरी. विद्यापीठाच्या पेमेंट पानावरूनच घ्या.

ज्यांची निवड झाली नाही त्यांना त्याच दिवशी, निवडलेल्यांची नावं जाहीर होण्याआधी कळवा. पात्र असतील तर पुढच्या फेरीत पुन्हा अर्ज करता येईल, हे त्यात स्पष्ट लिहा.

बऱ्याच सर्कलमध्ये ‘टॅपिंग’ची प्रथा आहे: निवड झाल्याचं वर्गात जाऊन, सगळ्यांसमोर सांगायचं. ती जरूर ठेवा. प्राध्यापकांची आधी परवानगी घ्या, तासाच्या पहिल्या तीन मिनिटांतच आटपा आणि तो विद्यार्थी त्या दिवशी वर्गात आहे ना याची खात्री करा. काहींना असं सगळ्यांसमोर आलेलं अजिबात सोसत नाही, म्हणून अर्जातच ‘जाहीर सांगितलेलं चालेल का’ हा प्रश्न ठेवा.

इंडक्शनच्या समारंभात सगळ्यात जास्त बिघडतं ते नाव. ज्ञानेश्वरी हे नाव रोमन लिपीत डी, एन, वाय असं सुरू होतं आणि व्यासपीठावरचा माणूस तिथेच अडखळतो. घरची माणसं ज्या क्षणासाठी आलेली असतात, किंवा पहाटे उठून व्हिडिओवर बघत असतात, तोच क्षण हातातून जातो. प्रत्येक नव्या सदस्याकडून स्वतःच्या आवाजातलं पाच सेकंदांचं रेकॉर्डिंग मागवा. वाचणाऱ्याने ते ऐकून स्वतःच्या हाताने, त्याला जमेल तसं, तीन बाय पाच इंचाच्या कार्डावर लिहायचं. दुसऱ्याने लिहून दिलेला उच्चार ऐन वेळी उपयोगी पडत नाही. कार्डं रांगेच्या क्रमाने लावा. सदस्य स्वतःचं कार्ड हातात घेऊन व्यासपीठावर येतो आणि वाचणाऱ्याला देतो, ही पद्धत उत्तम, कारण कुणी गैरहजर राहिलं तरी क्रम चुकत नाही. प्रमाणपत्रं मात्र टेबलावर वर्णानुक्रमे ठेवा आणि समारंभानंतर वाटा. व्यासपीठावर फक्त हस्तांदोलन आणि नोंदवहीत सही. तीस जणांना प्रत्येकी वीस-पंचवीस सेकंद धरले तर बारा मिनिटांत होतं. पाहुण्यांचं भाषण आठ मिनिटं, संपूर्ण समारंभ पन्नास. खुर्च्या सदस्यामागे तीन पाहुणे धरून मांडा. मेणबत्त्या पेटवायच्या असतील तर सभागृहाच्या व्यवस्थापनाला दोन आठवडे आधी विचारा. बहुतेक ठिकाणी ज्योतीला मनाई असते आणि बॅटरीवरच्या घ्याव्या लागतात.

वर्षभराच्या कामाबद्दल थोडक्यात. महिन्याला दोन बैठका, प्रत्येकी पन्नास मिनिटं, आणि सत्राला एकच उपक्रम. एकच, पण पूर्ण. या संस्थेचं वेगळेपण म्हणजे प्राध्यापक इथे सदस्य असतात, पाहुणे नाहीत. त्याचा उपयोग करा: सहा विद्यार्थी, दोन प्राध्यापक, एक टेबल, जेवण आणि कॅम्पसवरचा एक अडलेला प्रश्न. अशी चार टेबलं सत्रातून दोनदा मांडलीत, तरी कागदावरच्या साठांपैकी अर्धे तुम्हाला दिसू लागतील. जे सध्या येत नाहीत त्यांना सामूहिक ईमेल पाठवून काही होत नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात कार्यकारिणीतल्या पाच जणांनी साठ नावं वाटून घ्या, प्रत्येकी बारा, आणि प्रत्येकाला फोन करून एक नेमकं काम विचारा: ‘तू 14 सप्टेंबरला एका टेबलाचा यजमान होशील का?’

सूत्रं घेताना आणि देताना काय बिघडतं तेही सांगतो. सर्कलच्या फायली मागच्या अध्यक्षाच्या विद्यापीठ खात्यात असतात. पदवीनंतर काही महिन्यांनी ते खातं बंद होतं आणि दहा वर्षांच्या याद्या त्याबरोबर जातात. आत्ताच, मे महिन्यातच, सर्कलच्या नावाचं संस्था-खातं मागून घ्या आणि फायलींची मालकी त्याकडे वळवा. नुसतं ‘शेअर’ करणं पुरत नाही. बँकेतल्या किंवा विद्यार्थी-वित्त कार्यालयातल्या सह्या उन्हाळ्याआधी बदला, नाहीतर ऑगस्टमध्ये पहिलं बिल भरायला कुणी अधिकृत माणूसच नसतो. विद्यार्थी-संस्थांची वार्षिक नोंदणी आणि राष्ट्रीय कार्यालयाचा अहवाल यांच्या तारखा कॅलेंडरवर टाका. तुम्ही एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असाल आणि पदाला मानधन असेल, तर ते घेण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा.

पुढच्या कार्यकारिणीची निवडणूक इंडक्शननंतर आठवड्याभरात घ्या, म्हणजे पदवीदान समारंभापर्यंत तीन-चार आठवडे जुने-नवे एकत्र काम करतील. आणि सह्यांची नोंदवही, बॅनर, मेणबत्त्यांचे स्टँड, उरलेल्या पिना हे सगळं एका खोक्यात, वर मोजदादीचा कागद चिकटवून, सल्लागारांच्या कार्यालयात ठेवा. विद्यार्थ्याच्या खोलीत नको. तुमच्या आधीच्या अध्यक्षांना आज विचारायचा पहिला प्रश्न हाच: ती नोंदवही कुठे आहे?